मराठी शिकवण्याची साधने स्वस्त, संधी महाग

वाशी, नेरुळ, खारघर या भागांतून फेरफटका मारला तर जर्मन व जपानी भाषांचे वर्ग घरबसल्या चालविणाऱ्यांच्या जाहिराती सहज दृष्टीस पडतात. मराठी शिकविणाऱ्या वर्गाची पाटी मात्र शोधावी लागते. कोपरखैरण्यातील एखाद्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी कानात श्रवणयंत्र घालून रात्री दहापर्यंत जर्मन नामांची लिंगे घोकत असतो. त्याच इमारतीच्या फाटकाशी बसलेला, बिहार किंवा ओडिशातून आलेला पहारेकरी त्याच प्रकारचा मोबाइल हातात घेऊन बारा तासांची पाळी काढत असतो. त्याच्या मोबाइलवर मराठीचे धडे विनामूल्य उतरवून घेता येतात, वेळही हाताशी असतो, आणि ज्या गावात तो राहतो त्या गावाची भाषाही मराठीच आहे. तरीही तो ते धडे उतरवून घेत नाही. हजारो मैलांवरची भाषा पैसे देऊन शिकली जाते आणि दारातली भाषा फुकट मिळत असताना पडून राहते, ही विसंगती केवळ भाषाप्रेमाच्या अभावाने झाली असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर थोडे निराळे चित्र दिसते.

साधने नाहीत अशी तक्रार आज कोणालाही करता येणार नाही. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये ‘भाषा संगम’ हे अ‍ॅप काढले व त्यात बावीस भारतीय भाषांमधील दैनंदिन व्यवहाराची शंभरावर वाक्ये दिली. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम तयार केला. परकीय भाषा शिकविण्याची जी आधुनिक पद्धत जर्मनसाठी वापरली जाते तीच त्यात अमराठी प्रौढांसाठी योजली आहे, ही गोष्ट विशेष नोंदविण्यासारखी. यूट्यूबवर मराठीचे पाठ आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत तर संगणकाशी मराठीत संभाषण करणेही शक्य झाले आहे. या साऱ्यासाठी लागणारा इंटरनेटचा खर्च म्हणावा, तर २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत असत, तो दर २०१६ नंतर कोसळून पुढे दहा-बारा रुपयांच्या घरात आला. ज्या कंपनीच्या आगमनाने ही उलथापालथ झाली तिचा प्रचंड कारभार नवी मुंबईतच, घणसोलीच्या परिसरातून चालतो, हाही एक योगायोगच.

वस्तूची किंमत जवळजवळ शून्यावर यावी आणि तरीही तिचा खप वाढू नये, असे जेव्हा घडते तेव्हा दोष पुरवठ्यात शोधण्यात अर्थ नसतो. परंतु आपल्याकडे सवय अशी की प्रत्येक नव्या साधनाच्या आगमनाबरोबर शिक्षणाचा प्रश्न सुटलाच असे गृहीत धरले जाते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी नेण्यात आली, तेव्हाही असेच वाटले होते. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली, तेव्हाही वाटले होते. २०१७ मध्ये ती संस्था बंद पडली. साधन वाईट होते असे नव्हे. पण साधन वापरण्याचे कारण कोणी निर्माण करावयाचे, याचा विचार दोन्ही वेळा मागेच राहिला.

जर्मनला गिऱ्हाईक का मिळते?

जर्मनच्या बाबतीत हे कारण अगदी रोकडे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग या राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण-तरुणींना तेथे पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, आणि त्यांना जर्मन शिकविण्याचे काम शालेय शिक्षण विभागाकडे आले. ते उद्दिष्ट कितपत साधले हा निराळा विषय. परंतु परिचारिकेला, विजेच्या तारा जोडणाऱ्याला, वाहनचालकाला एक गोष्ट स्वच्छ कळते की अमुक पायरी ओलांडली तर अमुक दार उघडते. त्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्या ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्या आज जगभर ओळखल्या जातात. बी-१ म्हणजे काय हे वाशीतील शिक्षकाला, श्टुटगार्टच्या रुग्णालयाला आणि व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला सारखेच कळते. अ‍ॅपवर घोकलेला शब्द, दूरस्थ वर्गात दिलेले उत्तर आणि परीक्षेचा कागद या तिन्ही गोष्टी एका साखळीत ओवल्या जातात. मराठीच्या साखळीतील पहिली कडी उत्तम आहे, आणि पुढे साखळीच नाही.

कागदाचे महत्त्व केवळ कल्पनेतले नव्हे. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांच्या विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक आढावा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम तीन टक्के निघाले. परंतु पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नाव नोंदविणाऱ्यांमध्ये तेच प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरणारे मुळातच अधिक निश्चयी असतात, तेव्हा सारे श्रेय प्रमाणपत्राला देता येणार नाही, हे खरे. तथापि तीन आणि सेहेचाळीस यांमधील अंतर एवढे मोठे आहे की ज्याला शेवटी हाती काही पडणार नाही तो शिकणारा पहिल्या आठवड्यानंतर का गळतो, हे समजण्यास अडचण पडू नये.

हिंदी चालते म्हणून

मराठीची अडचण मात्र कागदापाशी संपत नाही. अब्राम द स्वान या डच समाजशास्त्रज्ञाने २००१ मध्ये भाषांच्या जागतिक व्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात भाषेचे संपर्कमूल्य मोजण्याची एक युक्ती त्याने सांगितली आहे. स्थूलमानाने तिचा आशय असा: नवी भाषा शिकल्याने ज्यांच्याशी पूर्वी बोलता येत नव्हते अशा किती माणसांशी बोलता येऊ लागेल, आणि ती भाषा दुसऱ्या किती भाषकांपर्यंत पोहोचण्याचा पूल ठरेल, यावर तिचे मूल्य अवलंबून असते. ही मोजपट्टी नवी मुंबईला लावून पाहावी. येथील मराठी माणसाला जवळजवळ सरसकट हिंदी येते. तेव्हा हिंदी जाणणाऱ्या पहारेकऱ्याने सहा महिने खपून मराठी शिकली तरी ज्याच्याशी तो आधी बोलू शकत नव्हता असा एकही नवा माणूस त्याला मिळत नाही. त्याच्या दृष्टीने मराठीचे संपर्कमूल्य शून्याच्या जवळपास जाते. मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे, हा २०११ च्या जनगणनेचा आकडा त्याच्या हिशेबात येतच नाही.

हे मूल्य शून्यावर आणण्यात मराठी भाषकाचा हातभार मोठा आहे, हे कबूल केले पाहिजे. भाजीवाल्याने, रिक्षावाल्याने अथवा बँकेतील कारकुनाने तोडक्यामोडक्या मराठीत वाक्य सुरू करावे आणि समोरच्या मराठी गृहस्थाने त्याची अडखळ पाहून ताबडतोब हिंदीवर यावे, हा प्रसंग नित्याचा आहे. यात त्या गृहस्थाची सौजन्याची भावना असते, घाईही असते. परंतु शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याला हवा असलेला एकमेव दुर्मिळ माल म्हणजे सरावाचा जोडीदार, आणि तोच हातातून निसटतो. अ‍ॅप धडा देते. दुकानात उभे राहून अडखळत बोलणाऱ्याचे ऐकून घेणारा माणूस कोणत्याही अ‍ॅपमधून उतरवून घेता येत नाही.

याच शहरात उलट उदाहरणही आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले. गाळ्यावरचा व्यापारी बहुधा गुजराती किंवा कच्छी, आणि पाठीवर पोती वाहणारा माथाडी सातारा-सांगलीकडचा. माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले होते आणि १९६९ च्या कायद्याने त्यांना हक्क मिळाले होते. त्यांच्याशी रोजचा व्यवहार, तंटा आणि तडजोड मराठीत करावी लागे. अनेक व्यापाऱ्यांची मराठी तेथेच पक्की झाली, आणि तीही पुस्तकाशिवाय. बाजारात मराठी येण्याला किंमत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याला ती कोणीही देत नाही.

परदेशात याच प्रकारच्या कोंडीत सापडलेली भाषा म्हणजे वेल्श. वेल्समधील जवळजवळ प्रत्येक वेल्श भाषकाला इंग्रजी येते, म्हणजे शिकणाऱ्यापुढील हिशेब नवी मुंबईसारखाच. ड्युओलिंगो या अ‍ॅपवर २०१६ मध्ये वेल्श आली आणि लक्षावधी लोकांनी ती शिकावयास घेतली. तथापि २०११ च्या जनगणनेत वेल्समध्ये ती भाषा येणारे १९ टक्के होते ते २०२१ मध्ये १७.८ टक्क्यांवर उतरले. पुढे २०२३ मध्ये त्या कंपनीने वेल्श अभ्यासक्रमात नवी भर घालण्याचे थांबविले. तिने २०२५ च्या एप्रिलमध्ये १४८ नवे अभ्यासक्रम एकदम जाहीर केले, त्यांत स्पॅनिश, फ्रेंच, जपानी, कोरियन यांसारख्या सातच भाषा होत्या. मराठी शिकविणारा त्यांत एकही नव्हता. बाजारपेठ जिकडे, तिकडे कंपनी, आणि याबद्दल तिला बोल लावण्यात हशील नाही. वेल्समधील शासनाने मात्र दुसरी वाट धरली. नोकरदारांना कामाच्या वेळात वेल्श शिकता यावी म्हणून २०१७ पासून तेथे सरकारी खर्चाने योजना चालते, आणि अनेक सार्वजनिक जागांसाठी वेल्श येणे ही अटच असते. घसरण एवढ्याने थांबली असे नाही. पण शिकणाऱ्याला निदान कारण तरी मिळाले.

यंत्राची मराठी

या विवेचनावरून यंत्रे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रौढ माणसाला नवी भाषा शिकताना सर्वांत जड जाते ती लाज. चाळिशीचा बँक अधिकारी किंवा परिचारिका चारचौघांत चुकावयास तयार नसते. यंत्रापुढे शंभर वेळा चुकले तरी ते हसत नाही, कंटाळत नाही, आणि विशेष म्हणजे हिंदीवर घसरत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरता तरी हा गुरू पुष्कळ शिक्षकांपेक्षा उजवा ठरेल.

पण या गुरूला मराठीचे काही बारकावे उमगलेले नाहीत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च एकच लिहिला जातो व दोन प्रकारे उच्चारला जातो. देवनागरीत हा भेद दिसत नसल्याने यंत्राचा उच्चार पुष्कळदा चुकतो. हिंदी भाषकाची खरी पंचाईत तर साम्यामुळे होते. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न असे तो धरून चालतो. शब्दसंग्रह घोकविणाऱ्या धड्यांत अशा फसव्या शब्दांना स्वतंत्र जागा क्वचितच मिळते, कारण हे धडे बहुधा इंग्रजी भाषकाला डोळ्यांसमोर ठेवून रचलेले असतात. इंग्रजीमार्गे आलेल्या मराठीत आणखी एक नुकसान होते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी इंग्रजीत एकच शब्द. ऐकणाऱ्याला वगळून बोलणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ यांतला फरक हिंदी ‘हम’मध्येही नाही. शेजाऱ्याला ‘आम्ही गणपती आणणार’ म्हणावे की ‘आपण आणू’, हे ज्याला कळले त्याला या शहरात राहण्याचे निम्मे मराठी आले म्हणावयास हरकत नाही. वाक्यांच्या यादीतून ते कळत नाही.

त्याहून नाजूक प्रश्न आहे तो कोणती मराठी शिकवावी हा. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे नगर उभे राहिले. त्या गावांची बोली आगरी-कोळी. घणसोलीच्या किंवा बेलापूरच्या जुन्या गावठाणात ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘काळा’चे ‘काला’ होते. ण आणि ळ यांची जागा न आणि ल घेतात. अ‍ॅपपुढे कोणी ‘पानी’ म्हटले तर ते चूक ठरवून पुन्हा म्हणावयास लावते. म्हणजे ज्यांच्या शेतांवर शहर वसले त्यांचीच मराठी या यंत्राच्या लेखी चूक. नवागताने प्रमाण मराठी शिकावी यात वाद नाही. पण ज्या गावात तो राहतो तेथील उच्चार कानी पडताच त्याने तो अशुद्ध समजून नाक मुरडावे, अशी शिकवण यंत्राकडून नकळत दिली जात असेल तर मराठी शिकूनही तो या मातीला परकाच राहावयाचा. पाठाच्या अखेरीस स्थानिक बोलीतले दोन संवाद घालणे, हे काम तंत्रदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ते आजवर कोणाला सुचले नाही एवढेच.

घरचीच मुले

अमराठी प्रौढाइतकाच, किंबहुना अधिक, काळजीचा विद्यार्थी मराठी घरातच वाढतो आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारा, घरी मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देणारा सानपाड्यातील मुलगा मराठीचा परकीय विद्यार्थीच होय. त्याच्यासाठी २०२० चा कायदा झाला व सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले. मोडणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. तेवढ्यात महामारी आली आणि मराठीची ओळख पडद्यावरूनच होऊ लागली. पुढे एप्रिल २०२३ च्या निर्णयाने राज्य मंडळाबाहेरील शाळांतील काही तुकड्यांसाठी या विषयाला गुणांऐवजी श्रेणी देण्याची व ती एकूण निकालात न धरण्याची सवलत दिली गेली. महामारीचे कारण खोटे नव्हते. पण मुलांचे गणित पक्के असते. जो विषय निकालात मोजला जात नाही त्याचा गृहपाठ शेवटी उरतो.

येथे अमेरिकेतील मराठी कुटुंबांकडे पाहण्यासारखे आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न असलेल्या तेथील मराठी शाळा पालकांच्या श्रमांवर, बहुधा आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी चालतात. अभ्यासक्रमाला पायऱ्या आहेत आणि परीक्षा पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या वतीने होते. शिवाय त्या मुलांना मराठीचे गिऱ्हाईकही घरचेच लाभते: वाशीत किंवा पुण्यात बसलेली, पडद्यावरून गोष्ट ऐकण्यासाठी वाट पाहणारी आजी. सानपाड्यातील नातवाची आजी शेजारच्याच खोलीत असते आणि त्याच्याशी इंग्रजी मिसळून बोलण्यात तिला कौतुक वाटते.

मग शासनाने करावे काय? गेल्या दोन वर्षांत घोषणांची वाण पडली नाही. मार्च २०२४ मध्ये मराठी भाषा धोरण मंजूर झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये शासकीय कार्यालयांत मराठीतच बोलण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय एप्रिलमध्ये आला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली आणि जुलैत त्यावरून मोर्चे निघाले. थप्पड मारून संपर्कमूल्य वाढत नाही. फार तर मनुष्य दोन वाक्ये पाठ करतो आणि ती म्हणण्याचा प्रसंग टाळू लागतो.

याउलट शासनाच्या स्वतःच्या हाती एक जुने साधन पडून आहे. अमराठी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी भाषा संचालनालयाच्या एतदर्थ मंडळातर्फे मराठीची परीक्षा घेतली जाते आणि मुदतीत ती उत्तीर्ण न झाल्यास वेतनवाढ रोखण्याची तरतूद आहे. पायरी आहे, कागद आहे, कागदाला पैशाचे मोलही आहे. फक्त दार सरकारी नोकरांपुरते उघडे आहे. तेच दार पहारेकरी, परिचारिका, बँक कारकून, टॅक्सीचालक यांना उघडावे, परीक्षेत बोलणे आणि ऐकणे यांना लेखनाहून अधिक गुण ठेवावेत, आणि तयारीसाठी ‘माय मराठी’सारखा सिद्ध अभ्यासक्रम मोबाइलवर द्यावा, यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही.

मागणी कोठून आणावयाची, याचेही उत्तर नवी मुंबईतच सापडते. उल्व्यानजीकच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. सामान उचलणारे, तपासणी करणारे, खाद्यगृहे व वाहने चालविणारे असे मोठे मनुष्यबळ तेथे ठेकेदारांमार्फत भरले जात आहे. महापालिका, सिडको आणि विमानतळ यांच्या ठेक्यांत दोन कलमे घालता येतील. मराठीची पहिली पायरी उत्तीर्ण होणाऱ्या कामगारास दरमहा ठरावीक भत्ता द्यावा, आणि शिकण्यासाठी पाळीतला अर्धा तास पगारी धरावा. दोहोंचा खर्च अर्थातच ठेक्याच्या रकमेत चढेल आणि शेवटी प्रवाशाच्या व करदात्याच्या खिशातून जाईल. मराठी या शहराची भाषा राहावी असे ज्यांना वाटते त्यांनी तिची किंमत बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडून वसूल करण्यापेक्षा स्वतः भरणे अधिक न्याय्य ठरेल. भत्ता किती असावा, हे ठरविण्यास निविदा काढण्यापूर्वीचा एक महिना पुरेसा आहे.